एकाच नाकपुडीचं पाणी

गयामावशी कांदा निवडायला बसल्या की त्यांचा डावा हात कायम नाकाशी असायचा. उजव्या हाताने कांदा उचलायचा, दाबून बघायचा, लहान-मोठ्याच्या ढिगात टाकायचा आणि डाव्या हाताने पदराचं टोक नाकपुडीखाली धरायचं. पिंपळगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर मी सुपरवायझर होतो. शेतातून आलेला कांदा तिथे बायका निवडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसत म्हणालो, मावशी, कांदा झोंबला वाटतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद घशातच राहिला.

"भाऊ, बावीस वर्षं कांद्यात बसते मी. डोळ्याला पाणी येत नाय आता, मग नाकाला काय म्हणून यील? आन् कांदा झोंबला तर दोन्हीकडून गळंल ना. हे एकाच बाजूनं कसं?"

मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. सगळ्यांनीच नेला.

आदल्या वर्षी बायकांना आणणारा टेम्पो वळणावर कलंडला होता. मावशींचं कपाळ फाळक्यावर आपटलं. टेम्पोवाल्याने दवाखान्यात चार टाके घालून घेतले, घरी सोडलं आणि काही झालं नाही म्हणून जाहीर करून टाकलं, जणू डोकं त्याचंच होतं. त्यानंतर महिन्याभराने नाक गळायला लागलं. पाण्यासारखं स्वच्छ, वाकलं की टपटप. मावशी प्रत्येक दवाखान्यात आधी टेम्पोचं सांगायच्या. डॉक्टर विचारायचे, काम काय करता? कांदा म्हटलं की संपलं. सर्दीच्या गोळ्या, नाहीतर ऍलर्जीच्या गोळ्या. एका शहाण्याने तर काम बदला म्हणून सल्ला दिला. हिच्यासाठी पिंपळगावात बँकेतली खुर्ची रिकामी ठेवली होती की काय!

"मला वाचता येत नाय, पण माझं नाक मला कळतं," असं त्या येता-जाता म्हणायच्या. शेंबडाचा पदर वाळला की कडक होतो, हा मऊच राहतो, हेही त्यांनीच हेरलं होतं. एवढं बारीक कुठल्या डॉक्टरने पाहिलं होतं?

शेवटी त्यांनी माझा पिच्छा पुरवला आणि मी त्यांना नाशकात कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही तेच. कांद्यात काम करता ना, म्हणत बाईंनी लिहायला घेतलं. मावशी खुर्चीतून पुढे सरकल्या. पदर बाजूला केला, टेबलावर वाकल्या आणि काचेवर थेंब पडू दिले. एक, दोन, तीन, चार.

"मोजा आता. इथं कांदा नाय ना?"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी ते पाणी बाटलीत धरून तपासायला पाठवलं, डोक्याचा स्कॅन काढला आणि मग नीट समजावून सांगितलं. ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. टेम्पोत आपटल्यावर नाकाच्या वरच्या पातळ हाडाला भेग पडली होती. पाणी ज्या वाटेने बाहेर येतं, त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकतात, मग मेंदूज्वर होतो आणि जिवावर बेततं. नाकातूनच ऑपरेशन करून भेग बुजवता येते. तोवर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली. मावशी एवढंच म्हणाल्या, "म्हंजे मी येडी नव्हते."

पुढचं सांगताना अजून माझं डोकं फिरतं. त्याच आठवड्यात खळ्यावर कंटेनर भरायचे होते आणि निवडायला बायका कमी. शेठ म्हणाला, काय ते बघा. एवढंच. मावशींचं ऑपरेशन लांबवा, असं तो म्हणाला नव्हता. ते माझं डोकं. वर्षभर गळतंय, आठ दिवसांनी काय मोठं बिघडतंय, असं मी त्यांना म्हणालो. डॉक्टरीणबाईंना फोन करून तारीख पुढे ढकलली. हे बरोबर नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मी हो हो म्हणून फोन ठेवला.

"तुम्ही म्हणता तर थांबते, भाऊ," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच तर मला नाशकाला नेलं."

सगळ्या जगाशी भांडणारी बाई माझ्या शब्दावर थांबली आणि पुन्हा वाकून कांदा निवडत बसली. ठरलेला मंगळवार तसाच गेला आणि शनिवारी ताप भरला. रविवारी मान वळेना, उजेड सहन होईना. मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते गढूळ निघालं. बुधवारी मावशी गेल्या.

दहाव्याला त्यांची चांदवडला दिलेली मुलगी सुनीता मला बाजूला घेऊन उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. आईला थांबायला कोणी सांगितलं, तिने विचारलं.

"शेठनी," मी म्हणालो.

ती तडक खळ्यावर गेली आणि सगळ्यांदेखत शेठला तोंडाला येईल ते बोलली. शेठने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे उभा राहून मान डोलावत होतो.