छपराची पलीकडची बाजू

आमचा छोटा ट्रेलर पत्र्याच्या टणक भिंतींचा, पण घडी होणारा. गाडीमागे जोडायचा, तळ्याकाठी उघडायचा, की झालं दोघांचं घर. छपराचे दोन्ही पाखे मात्र एकदमच उचलावे लागतात. पलीकडून माझी बायको, सुधा, म्हणायची, "हं, उचला."

ती गेल्यापासून तो मिटूनच होता. आज ऊन दाखवावं म्हणून पलीकडे वॉचमनला उभं केलं. त्यानं त्याचा पाखा उचलला; माझे हात जागीच.

"काका, उचला की!"

सुधा ठेंगणी. मिटलेल्या ट्रेलरआड ती कधी दिसायचीच नाही, नुसता आवाज यायचा. आमचा संसारही असाच, एकमेकांकडे न बघता उचललेला. म्हणून असेल, ती तिथे नाही हे हातांना अजून पटलेलं नाही.