मंगळवारी शटर बंद

हसणार नाही असं वचन मी मागत नाही, कारण ते तुम्ही पाळणार नाही. फक्त चहाचा कप तेवढा खाली ठेवा. अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही!

तर, मी तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. तीन पाळ्यांची नोकरी. मी घरी आलो की लेक शाळेत, ती घरी आली की मी झोपेत. एक दिवस बायकोला, नसीमला, म्हटलं, "बस झालं. भाजे गावात आपलं हॉटेल टाकू. आपला धंदा, आपली वेळ. वाटेल तेव्हा उघडायचं, वाटेल तेव्हा बंद!"

उघडलं. बंद करायचं मात्र राहून गेलं!

म्हणजे बघा, मळवली स्टेशनकडून लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं वडापाव-चहाचं हॉटेल. पहाटे कामाला जाणारी माणसं, दुपारी लेणी चढून दमलेले पाहुणे, रात्री गप्पांना गाव. नाही कुणाला म्हणायचं? ईदच्या दिवशीसुद्धा नमाज झाली की थेट शटर वर, आणि शीरखुर्म्याची वाटी गल्ल्यावर! सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात मी फक्त जेवायला गेलो, तेही पार्सल बांधून परत आलो.

शेवटी नसीम म्हणाली, "कारखान्यात निदान आठवड्याची सुट्टी तरी होती. आयेशा काल विचारत होती, अब्बा परत नोकरीला कधी लागणार?"

लागलं हो मनाला. आयेशाच्या शाळेला सुट्टी होतीच. मी शब्द दिला, मंगळवारी हॉटेल बंद. अख्खा दिवस तुमचा!

नसीमची एकच अट, मोबाईल गल्ल्यातच ठेवायचा. ठेवला. शटर ओढलं, कुलूप घातलं आणि मेव्हण्याच्या रिक्षातून आम्ही मेव्हणीकडे, वलवणला निघालो. स्कूटर दारातच. गावात कुणाला सांगितलं? छे! आपलं हॉटेल, आपली सुट्टी, कुणाला कशाला सांगायचं?

इथंच शेण खाल्लं बघा.

वलवणला काय थाट! धरणावरून गार वारा येतोय, आत बिर्याणी शिजतेय, आयेशा माझ्या मांडीवर बसून पत्ते खेळतेय. आणि मी? आत्ता वड्यांचा घाणा निघाला असता. आत्ता शेजारचे बाळूआबा चहाला आले असते. झारा फिरवल्यासारखा हात आपोआप फिरत होता. शेवटी राहवेना. म्हटलं, "फ्रीजमध्ये दूध आहे. लाईट गेली तर नासेल. निघूया?"

नसीम उठली. बिर्याणी डब्यात भरली आणि रिक्षात जाऊन बसली. आयेशानं पत्ते गोळा केले.

गावात शिरलो आणि काय बघतो? हॉटेलसमोर ही गर्दी! अर्धं गाव लोटलेलं. बाळूआबा हातात पहार घेऊन माझं कुलूप तोडायच्या बेतात!

छाती अशी फुगली माझी! "बघ नसीम, बघ! एक दिवस बंद ठेवलं तर चहासाठी शटर फोडायला निघालेत. माझ्यावाचून अडतं गं लोकांचं!"

रिक्षा थांबायच्या आत उडी मारली. "आलो, आलो! आबा, थांबा! पाच मिनिटांत चहा टाकतो!"

आबांच्या हातून पहार पडली. पाय थोडक्यात वाचला. पलीकडच्या घरातली सखूमावशी डोक्यावरची पाटी सावरत किंचाळली, "अगं बया! ह्यो तर जित्ता हाय!"

"म्हणजे? गेलं कोण?"

"तू!" आबा म्हणाले.

"मी?"

"मग काय तर! ईदला तुजं शटर उगडं. मेव्हन्याच्या लग्नात उगडं. आन आज बंद! स्कूटर दारात, आन फोन लावला तर आत वाजतोय. आमी म्हनलं, बायको-पोर गेली आसंल पाहुन्याकडं, आन ह्यो पडला आसंल आत, गल्ल्यापाशी."

"अहो आबा, सुट्टी घेतली होती!"

"सुट्टी? तू?" मी मेलो हे त्यांना पटलं होतं, हे काही पटेना!

मावशीच्या पाटीत काय, तर पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही ना, म्हणून. दोघं जण तर कुदळी घेऊन कब्रस्तानाकडे निघालेसुद्धा होते. त्यांना हाका मारमारून परत बोलावलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझा मोठेपणा जातोय होय? म्हटलं, "सकाळपासून चहाचे हाल झाले असतील ना तुमचे?"

"हाल कसलं? त्या समोरच्या टपरीवर घेतला की," आबा म्हणाले. "लय ग्वाड हुता. तुज्या दुःखात दोन-दोनदा घेतला."

घ्या! आता राहिलं काय? तरी मी विचारलंच, "बरं, माझ्याबद्दल काय बोलत होता सगळे?"

मावशी म्हणाली, "काय बोलनार? म्हनलं, बिचारी पोर. बापाच्या मांडीवर बसायचं ऱ्हाऊनच गेलं तिचं."

"आज बसले होते मी," आयेशा हळूच म्हणाली. "पण दूध नासणार होतं."

हातात शटरची किल्ली होती. ती मी गुपचूप नसीमच्या हातात दिली आणि पायरीवर बसलो. आयेशा येऊन मांडीवर बसली. मग बिर्याणी उघडली, भाकऱ्या सोडल्या, आणि सगळ्या गावाबरोबर मी माझ्याच मयताचं पिठलं खाल्लं. चव? अहाहा!

नसीम हसत म्हणाली, "आता दर मंगळवारी असेच मरत जा!"

तेव्हापासून मंगळवारी शटर खाली. कुणी पाहुण्यानं चौकशी केलीच, तर आबा गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "आज मालक वारलाय. उद्या या."

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, वारल्यापासून माझी तब्येत फार छान आहे!