दारातला ताड

भिक्षपतीचा दिवस कोंबड्याआधी सुरू व्हायचा. भोनगिरीकडे आम्ही गौड लोक ताडी काढतो. कमरेला दोर, त्याचाच फास खोडाभोवती, पाठीशी सुरी. त्याचं पहिलं झाड दारातलं. शेंड्यावर पोचला की पोयीचं, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाचं, टोक पातळ कापायचा, त्यातून रस मडक्यात ठिबकतो. जाड कापलं तर पोय लवकर संपते. मग वरून हाक द्यायचा, "सत्तव्वा, चूल पेटव!" तो उतरेपर्यंत चहा उकळलेला असायचा. शेजारच्या झाडावर मीही ती हाक ऐकायचो.

तो तापाने गेला. झाडावरून पडून गेला नाही, याला आमच्यात नशीब म्हणतात.

त्याचे दिवस झाल्यावर आमच्या देवाच्या, काटमय्याच्या, दगडापुढे त्याची झाडं वाटली. दर झाडाची पट्टी वर्षाला सरकारात भरावी लागते, म्हणून मेलेल्याचं झाड रिकामं ठेवत नाहीत. ज्याच्या वाट्याला येईल त्याने चढून जुनं मडकं उतरवायचं, आपलं बांधायचं. दारातला ताड यादगिरीला आला. तो दोर घेऊन तिथे पोचला, तर सत्तव्वा खोडाला पाठ लावून उभी.

"हा नाही."

आमचा म्होरक्या पेंटय्या म्हणाला, "अगं, पोय केव्हाच वाळली. वर आहे काय आता?"

"त्यांचं मडकं आहे. त्यांनी मारलेली गाठ आहे."

यादगिरी हसला. "काकू, झाडालाच नवरा केलास की!"

"तुझे काका झाडावरच जास्त राहिले, गाढवा. खाली माझ्या वाट्याला आले कितीसे?"

यादगिरी दोर खांद्यावर टाकून मागे सरला.

"मग पट्टी कोण भरणार?" पेंटय्याने विचारलं.

ती आत जाऊन डबा घेऊन आली. छपरावर कौलं घालायची म्हणून भिक्षपतीने त्यात पैसे साठवले होते. गुडघे धरले तरी त्याने एकही झाड सोडलं नव्हतं, ते याच डब्यासाठी.

मी म्हणालो, "वहिनी, पावसाळा तोंडावर आलाय. छपराचं काय?"

"गळू दे, भावजी." डबा तिने पेंटय्यापुढे ठेवला. "यात जेवढ्या वर्षांची पट्टी होईल तेवढी घ्या."

पेंटय्याने पैसे घेतले.

त्या पावसाळ्यात मी तिच्या छपरावर ताडाची पानं शाकारली. तरी चुलीपाशी गळायचंच. पहाटे मी बाहेर पडायचो तेव्हा ती दारात मान वर करून उभी असायची. चूल मग पेटवायची. भिक्षपतीच्या सगळ्या चढण्या-उतरण्याचे पैसे अखेर तिथे लागले, वाऱ्यावर हलणाऱ्या त्या रिकाम्या मडक्याला.