चौथ्या पायरीपर्यंत नाव नाही

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून राग येतो. सगळ्यात जास्त आमच्या ब्रायनचा.

ब्रायन म्हणजे आमच्या सांडोर गावच्या चर्चच्या युवक मंडळाचा पुढारी. कुठलंसं शिबिर करून आला आणि एका रविवारी आम्हा कॉलेजवाल्यांना बसवून म्हणाला, प्रत्येकाने एका तरी मित्राला आपल्या श्रद्धेबद्दल सांगायचं. कसं? तर पाच पायऱ्यांनी, पाठ करून. आणि येशूचं नाव चौथ्या पायरीपर्यंत काढायचं नाही, समोरचा बिचकतो म्हणे. मी म्हटलं, मी माझ्या पद्धतीने बोलेन. तर सगळ्यांसमोर म्हणतो, तुझी पद्धत म्हणजे भांडण. आता यावर काय करायचं माणसाने? भांडलो. आणि मग इरेला पेटून पाचही पायऱ्या पाठ केल्या.

एम.कॉम.ला माझ्या शेजारी सायली बसायची, तुळिंजची. दोन वर्षांची मैत्री. सोमवारी ती कँटीनमध्ये एकटी सापडली आणि मी सुरू झालो. तुझ्या आयुष्यात एक जागा रिकामी आहे. ती भरणारा एक जण आहे. तुला कळायच्या आधीपासून तो तुझ्यावर प्रेम करतोय. दाराशी उभा आहे, तू फक्त दार उघडायचंस.

सायलीने वडापाव खाली ठेवला. तिचे कान लाल झाले होते.

"तो स्वतः म्हणालाय असं?"

खोटं कसं बोलू? बायबलात आहे ते. मी म्हटलं, हो, स्वतः.

"तुझा लहानपणापासूनचा मित्र ना?"

"त्याच्यासारखा मित्र नाही," मी म्हटलं. मला वाटलं, ओळखलं हिने. तिसऱ्या पायरीवरच!

ओळखलं होतं तिने. संकेतला. संकेत माझा शाळेपासूनचा दोस्त, जूचंद्रचा, आमच्याच वर्गातला. सायलीला तो मनातून आवडायचा, हे मला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात त्याचा साखरपुडा झालाय, हे तिला ठाऊक नव्हतं. ती उठली ती थेट लायब्ररीच्या दारात, चार पोरांदेखत त्याला म्हणाली, मलाही तू आवडतोस.

दुपारी दोघंही माझ्यासमोर उभे. सायलीचे डोळे सुजलेले. मी सांगितलं, अरे, मी येशूबद्दल बोलत होतो. संकेत म्हणाला, स्वतः घाण करायची आणि मध्ये देवाला आणायचं, लाज वाटू दे.

इथे माफी मागायची होती, कळतं मला. पण मी उलट सायलीवर ओरडलो, की पूर्ण ऐकून न घेता उठलीस, चूक तुझी आहे. दुसऱ्या दिवशी सायलीने जागा बदलली.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला फादर नेमके त्यावरच बोलले. कुणाशी बिनसलं असेल तर आधी जाऊन मिटवा, मग वेदीपाशी या. मला फादरांचाही राग आला. पण कम्युनियनला, वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घ्यायला, माझे पाय उचलेनात. आई रांगेतून वळून बघत राहिली, मी बाकावरच.

सोमवारी दोघांना गाठलं. संकेतने एक शिवी हासडली आणि खांद्यावर हात टाकला, मिटलं. सायली वहीत डोकं घालून बसलेली. तिला म्हटलं, "काल मला कम्युनियन घेता आली नाही. तुला रडवून वेदीपाशी जाता येईना. आमच्यात आधी माणसाशी मिटवायचं असतं. चूक माझी होती. माफ कर."

"हे कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"येशूने."

ती बिचकली वगैरे काही नाही. उलट अजून काय काय सांगितलंय, ते विचारत बसली. अर्धा तास बोललो आम्ही, पाठ केलेलं एक वाक्य न म्हणता. मी मनात म्हटलं, बघ ब्रायन, माझी पद्धत. तेवढ्यात सायली उठली आणि पर्स खांद्याला लावत म्हणाली,

"दोन वर्षांत तुला एकदाही चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. तुझ्याकडून माफी मागवून घेतली, म्हणजे तुमच्या देवात दम आहे."