बिनदाराच्या घरातली संरक्षणनीती

मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय सुरक्षा शिकवते, आणि ज्या घरात राहते त्याला दार नाही. पहिल्या ओळखीत मी हे कधीच सांगत नाही. सांगितलं की पुढचा अर्धा तास त्यातच जातो आणि माझं काम राहतं बाजूला.

सासर शनिशिंगणापूरचं. इथल्या घरांना चौकट असते, दार नसतं. चोरी करणाऱ्याला देव सोडत नाही ही गावाची श्रद्धा, म्हणून दार-कुलूप लावायचं नाही ही गावाची रीत. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी टेकवायची, तेवढाच काय तो बंदोबस्त. लग्न करून आले तेव्हा पहिले काही दिवस मी जागीच होते. मग लक्षात आलं, की इथे चोराला घाबरायचं कारणच नाही, घाबरायचं ते पाहुण्यांना. चोर निदान दबकत येतो. आमच्याकडे आलेला माणूस 'हाय का कुनी घरात?' हे घरात शिरून, खाटेवर बसून, पंखा लावून झाल्यावर विचारतो.

समोरच्याला असा धाक घालायचा की हल्ल्याचा विचारच त्याच्या मनात येऊ नये, याला आमच्या विषयात डिटरन्स म्हणतात. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. मुलांना मी अण्वस्त्रांचं उदाहरण देते. आमच्या घराचं उदाहरण जास्त सोपं आहे, पण ते दिलं तर मुलं अभ्यास सोडून सहलीची तारीख ठरवायला लागतील. शिवाय या डिटरन्समध्ये एक भोक आहे. तो चोरांवर चालतो, नातेवाइकांवर चालत नाही.

माझ्या नवऱ्याचं देवळाच्या रस्त्यावर दुकान आहे, तेल, नारळ, रुईच्या माळा. दिवसभर उघड्या घराची महती भाविकांना सांगणाऱ्या या माणसाच्या मोबाईलला मात्र बोटाचं कुलूप, चेहऱ्याचं कुलूप आणि वर पासवर्ड. 'अहो, आहे तरी काय त्यात?' असं मी विचारलं, तर म्हणतात, 'दिवस कसले आलेत, टीव्हीवर बघतेस ना.' बघते की! संध्याकाळी टीव्हीवर सूट घातलेले तज्ज्ञ ओरडून ओरडून शेजारचा देश चहा थंड व्हायच्या आत जिंकून देतात. आमचे हे त्यांना इथून सूचना करतात, 'आधी पाणी तोडा त्यांचं, पाणी!' आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्याबद्दल ग्रामपंचायतीत जाऊन एक शब्द बोलायचे नाहीत.

तर मी शिकवते ते तासिकेवर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच मोबदला, आणि दर जूनला 'यंदा बघू' असं ऐकायचं. इतक्या वर्षांत वयाने माझ्याहून लहान असलेली माणसं कायम झाली, विभागप्रमुख झाली, आणि 'मॅडम, तेवढा माझा तास घ्या ना' म्हणायला लागली. आणि एकदाची नगरच्या एका कॉलेजात माझ्याच विषयाची कायम जागा निघाली. अशी जागा पुन्हा कधी निघेल ते देवालाच ठाऊक. मी अर्ज केला, जीव तोडून अभ्यास केला. ड्रोन, सायबर हल्ले, समुद्रातल्या केबली, बोटी अडवल्या की इथल्या कांद्याचं काय होतं, सगळं तोंडपाठ.

शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला. मुलाखत उद्या सकाळी, ऑनलाइन. मी कॅलेंडर पाहिलं. शनिवार, आणि वर अमावस्या!

बोंबला. ज्याला हा दिवस माहीत नाही त्याला सांगते, शनी अमावस्येला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. आदल्या संध्याकाळपासूनच रस्ते गाड्यांनी तुंबलेले. नगरला एक मैत्रीण होती, ती नेमकी माहेरी गेलेली. मोबाईलची रेंज गर्दीत मरते, पण घरी वायरचं इंटरनेट होतं. म्हणजे मुलाखत द्यायची ती घरातूनच, मधल्या खोलीतून. त्या खोलीला पडदा आहे, बाहेरच्या चौकटीला तोही नाही.

आणि भाविकांना देवाइतकीच आमची घरं बघायची असतात. दर्शन झालं की मोबाईल पुढे धरून येतात, 'खरंच दार नाही? हात लावून बघू?' नसलेल्या दाराला हात कसा लावतात ते मला आजवर कळलेलं नाही, पण लावतात.

या कामात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नाही. मी त्यांना आत्या म्हणते. कुणी चौकटीशी घुटमळलं की आत्या हातातलं काम टाकून उठणार, तांब्याभर पाणी देणार, आत नेणार, कपाट उघडून दाखवणार. 'बघा, ह्याला बी कुलूप न्हाई. माझं डोरलं हितंच असतंय.' माझ्या साड्यासुद्धा महाराष्ट्राने पाहिलेल्या आहेत.

नवऱ्याला दुकान सोडणं शक्य नव्हतं. म्हणजे माझं मित्रराष्ट्र एकच, आत्या. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, 'आत्या, उद्या तेवढा तासभर कुणाला आत येऊ देऊ नका. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.'

'एवढंच व्हय? कुत्रं फिरकू देनार न्हाई,' आत्या म्हणाल्या.

'मग फळी लावू या का?'

'दिवसाढवळ्या फळी?' त्या एकदम ताठ झाल्या. 'अमावस्येच्या दिशी? लोक म्हनतील, ह्यांनी दार लावलं. न्हाई बाई. मी बसते की आडवी खाट टाकून.'

सकाळी त्यांनी खरंच चौकटीत खाट आडवी टाकली आणि वर मांडी घालून बसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

मुलाखत सुरू झाली. लॅपटॉपच्या पडद्यावर तिघं होते. दोघं नुसती मान हलवणारे, मधले अध्यक्ष. मोठे विद्वान, मागे पुस्तकांची भिंत. पहिला प्रश्न आला, देशाच्या सीमा आता नेमक्या कुठे असतात? माझा हातखंडा विषय. मी म्हटलं, 'सर, आज सीमा नकाशावरच्या रेषेपुरती उरलेली नाही. घुसखोरी कुठूनही होऊ शकते…'

आणि माझ्या पाठीमागचा पडदा बाजूला झाला.

एक बाई, तिच्या कडेवर लेकरू, मागे एक म्हातारे, त्यांच्या मागे टोपी घातलेले गृहस्थ मोबाईलवर चित्रण करत. सगळ्यात शेवटी तांब्या घेतलेल्या आत्या. 'लेकराला तहान लागली हुती गं, तू बोल तुझं,' त्या कुजबुजल्या. आत्यांची कुजबुज दुकानापर्यंत जाते. गृहस्थांनी कपाटाचं चित्रण केलं, मग लॅपटॉपचं. त्यांच्या चित्रणात अध्यक्षही आले.

'मॅडम, तुमच्याकडे दार नाही का?' अध्यक्षांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. काय करणार? सांगितलं आणि संपलंच सगळं. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. 'ओहो! म्हणजे त्या गावच्या तुम्ही! कमाल आहे!' मग प्रश्नच प्रश्न. खरंच चोरी होत नाही? बँकेला कुलूप आहे का? बाथरूमचं काय करता? मान हलवणाऱ्या दोघांनाही कंठ फुटला. मी मध्येच दोनदा ड्रोनकडे वळायचा प्रयत्न केला. 'ते असू द्या हो,' अध्यक्ष म्हणाले, 'शिर्डीहून तुमचं गाव किती लांब? एका दिवसात दोन्ही होतं का? आणि रांगेत न थांबता दर्शनाची काही सोय?' मी काय काय होतं आणि कसं होतं ते सांगितलं. न सांगून करते काय! तेवढ्यात वेळ संपला. 'फार छान वाटलं तुमच्याशी बोलून,' असं म्हणून ते पडद्यावरून गेले. विषयावरचा माझा एकच प्रश्न झाला होता, तोही अर्धा.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आधीच ठरलं होतं म्हणे, पण असं न मिळालेल्या प्रत्येकालाच वाटतं. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि पडद्याच्या खोलीत रडायचीही पंचाईत, शेजारच्या दोघी समजूत घालायला आत येऊन बसल्या. आत्या लांब ओट्यावर होत्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्याच नाहीत. मला वाटलं, वर आणखी रागावल्यात. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे करून म्हणाल्या, 'लेकरू पानी मागत हुतं गं. न्हाई म्हनता आलं न्हाई मला.' माझी तळपायाची आग मस्तकात गेलेली, तरी मी तो कप घेतला. लेकराला पाणी देऊ नका असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

जूनमध्ये मी पुन्हा तासिकेवर उभी राहिले आणि मुलांना डिटरन्स शिकवला.

श्रावणातल्या एका शनिवारी सुट्टी होती. मी चौकटीत बसून मेथी निवडत होते. पांढरी मोठी गाडी थेट आमच्या अंगणात येऊन थांबली. आतून बायकोसह अध्यक्ष उतरले. पुस्तकांची भिंत नव्हती, तरी मी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. 'हेच का ते बिनदाराचं घर? दुकानदार म्हणाले, आत जाऊन बघता येतं,' असं हसत म्हणाले आणि बूट काढायला लागले.

मी उठले आणि सरळ आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर धाडकन दार आपटावंसं वाटलं. हात आपोआप चौकटीकडे गेला, आणि हाताला लागलं काय? हवा! इतक्या वर्षांत दाराची इतकी गरज कधी पडली नव्हती.

आत्या तांब्या भरून निघाल्याच होत्या. माझं तोंड बघून थबकल्या. 'कोन हाय गं?'

'मुलाखतवाले अध्यक्ष,' मी म्हटलं.

आत्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. भिंतीला उभी केलेली खाट ओढत नेली, चौकटीत आडवी टाकली आणि वर मांडी घालून बसल्या.

'घर बंद हाय,' त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावरून सताड उघड्या घरात पाहिलं. कपाट दिसत होतं, पंखा फिरत होता, मी उभी होते. 'पण आजी, दार तर नाहीये!'

'न्हाई ना? तरी बंद हाय.'

ते थोडा वेळ एका पायात बूट आणि एक पाय उघडा असे उभे राहिले. आत्या हलल्या नाहीत. मग अध्यक्षांनी काढलेला बूट पुन्हा घातला. गाडीत बसताना त्यांच्या बायकोने पाणी मागितलं, तेव्हा आत्यांनी मला हाक मारली, तांब्या मागून घेतला आणि खाटेवरून न उतरता बाहेर दिला.