जुना पंप

गाडी एका जागी उभी राहून वेगानं धावते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहणार होते. दादाच्या जुन्या गाडीला आम्ही दोघा भावंडांनी वर्षभर खपून इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो बसवला होता आणि आता डायनो नावाच्या रोलरच्या यंत्रावर तिचा जोर मोजायचा होता. गॅरेजच्या शिंदे मिस्त्रींनी पुढची चाकं रोलरवर चढवली आणि गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जखडून टाकली. दादा आत बसला.

"पेट्रोलचा पंप नवा टाकलाय ना?" मिस्त्रींनी विचारलं. "टर्बोला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतील."

"टाकलाय की! हिनंच बसवलाय," दादा कौतुकानं म्हणाला.

नवा पंप वेळेवर आलाच नव्हता. दादानं या चाचणीसाठी रजा काढली होती, ती वाया जाऊ नये म्हणून फोनवर मी 'बसवला' असं म्हणून गेले होते. खोटं बोलताना वाटतं, पुढं कधीतरी निस्तरू. पण ऐकणारा त्यावर विसंबून पुढं निघून जातो आणि आपण मात्र तिथंच अडकून पडतो.

मिस्त्रींनी इंजिन थंड ठेवणारा समोरचा मोठा पंखा लावला. दादानं इंजिन सुरू केलं.

"थांब दादा! पंप जुनाच आहे," मी ओरडले.

त्यानं इंजिन बंद केलं आणि उतरून स्वतःच पट्ट्या सोडायला लागला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "पंप काय गं, मिळेल. पण तू 'झालं' म्हणालीस की मी कधी बघायलासुद्धा जात नव्हतो."