फुलब्याकमामांची डावी बाजू

फुलब्याकमामांना मैदानावर धावताना मी फारसं पाहिलं नाही. ते चालायचे. समोरचा गडी जीव खाऊन बॉल घेऊन यायचा आणि मामा चार पावलं चालून नेमके त्याच्या वाटेत उभे असायचे, बाजाराच्या रस्त्यावर ओळखीचा माणूस भेटावा तसे. बॉल काढून घ्यायचे आणि वर त्यालाच विचारायचे, "कुठी चालला रे एवढ्या घाईनं?" मान मात्र कायम डावीकडे वळलेली. आम्हा वाशीमच्या पोरांना वाटलं, नागपूरकडची ही काही खास स्टाइल असणार. आठ दिवसांत अर्धा संघ मान वाकडी करून खेळायला लागला. गाढव होतो आम्ही, दुसरं काय!

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. आमच्याकडे फुटबॉल पावसाळ्यात सुरू व्हायचा आणि दसरा-दिवाळीला संपायचा. त्या वर्षी सामने निम्म्यावर आले होते आणि पोळ्याच्या दिवशी आमच्या फुलब्याकनं मिरवायला म्हणून काकाच्या बैलाची वेसण धरली. वाजंत्रीनं बैल बिथरला आणि याच्या पायावर पाय देऊन उभा राहिला. बोटं मोडली. आता ऐन मोसमात फुलब्याक आणायचा कुठून? क्लबचे अध्यक्ष होते शेटजी. त्यांची कापसाची जिनिंग होती. नागपूरच्या एका गिरणीच्या संघातून वर्षानुवर्षं खेळलेला माणूस आसेगावला आपल्या घरी परत आलाय, असं त्यांच्या कानावर आलं. माणूस पंचेचाळिशीचा. शेटजींनी त्याला संघात घेतलं आणि जिनिंगवर चौकीदार ठेवलं. "जोवर कामाचा हायेस तोवर नोकरी," असं तोंडावर सांगून. मामांच्या घरी बायको, दोन पोरी, आणि जमीन म्हणाल तर अंगणापुरती. चौकीदारी गेली की लोकांच्या वावरात मजुरी, आणि मामांचे गुडघे निंदायला बसायच्या लायकीचे उरले नव्हते. ही नोकरी म्हणजे त्यांचं सगळं होतं.

मी गोलकीपर. बावीस वर्षांचा, तहसील कचेरीत कारकून, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी मामांनी मला उडी मारून दाखव म्हटलं नाही, बॉल पकडून दाखव म्हटलं नाही. म्हणाले, "आवाज काढून दाखव."

"काहून?"

"गोलकीपर मुका असला तं फुलब्याक आंधया होते. मांगून समदं तुलेच दिसते ना बे!"

मी ओरडलो. मैदानाच्या पलीकडे चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. मामा खूश झाले. "जमते," म्हणाले.

ते खरंच आंधळे आहेत, निदान निम्मे, हे मला पुढे पंधरा दिवसांनी कळलं. सराव संपल्यावर मी चहाचा ग्लास त्यांच्या डाव्या बाजूनं पुढे केला. त्यांनी वळून काही बोलायला हात हलवला आणि गरम चहा दोघांच्याही अंगावर. मी चिडून म्हणालो, "मामा, दिसत नाही का?" ते बूट सोडत बसले. मग हळूच म्हणाले, "नाही दिसत. चामड्याच्या बॉलची वादी लागली डाव्या डोयात, तीन सालं झाली. हेडिंग करत होतो. गिरणीनं त्याच्याचपायी काढलं." आणि माझं मनगट धरून म्हणाले, "शेष्या, कोनाले सांगू नको. एका डोयाचा चौकीदार कोन ठेवते? तू फकस्त मांगून बोलत राह्य."

मी बोलत राहिलो. "मामा, डावीकून!" म्हटलं की मामा चार पावलं डावीकडे. "मांगं हाये!" म्हटलं की पाठ न वळवता मागे सरकायचे. लोक म्हणायचे, काय अंदाज आहे म्हाताऱ्याचा! अंदाज कसला, माझ्या घशाच्या शिरा तुटायच्या. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता. आम्ही सामन्यामागून सामने जिंकत फायनलला पोहोचलो. अकोल्याचा संघ, सामना आमच्याच मैदानावर, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी.

दसऱ्याला आमच्या वस्तीतून ट्रक निघायचा, नागपूरला, दीक्षाभूमीवर. मामाही आमच्यातलेच, छप्पन सालच्या दीक्षेचे. "गिरणीतून सुटलो तो सिदा मैदानात गेलतो मी," असं सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. या वर्षी त्यांना ड्युटी होती. मी जाऊ की नको असं विचारायला गेलो तर म्हणाले, "जाय ना! फुटबॉल काय, दर सालीच हाये. माह्याकून बी माथा टेकव. पन घोषणा अर्ध्या घशानं देजो. घसा माहा हाये तो."

अर्ध्या घशानं! ट्रकमध्ये सगळ्यात पुढे मी उभा, अंगावर पांढरा शर्ट, रस्त्यानं गावोगावचे ट्रक भेटतायत, बायका लेकरं काखेत घेऊन गाणी म्हणतायत. 'जय भीम' म्हणताना कोण घसा मोजतो? जाताना ओरडलो, तिथे ओरडलो, येताना ओरडलो. मूर्तिजापूर आलं तेव्हा पाणी मागायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, आईनं हळदीचं दूध पाजलं. काही उपयोग झाला नाही. सामन्याच्या आधी मामांनी विचारलं, "काय शेष्या, हाये ना आवाज?" मी मान हलवली. हो म्हणून. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर त्यांनी डावी सोडून उजवी बाजू मागून घेतली असती, काहीतरी केलं असतं. पण लाज वाटली मला. मनात म्हटलं, टाळ्या वाजवून भागवू.

पूर्वार्ध कसाबसा निघाला. उत्तरार्धात बरोबरी होती आणि अकोल्याचा एक पोरगा डावीकडच्या रेषेवरून सुटला. मामा उजवीकडे बघत होते. मी टाळ्या पिटल्या. सारं मैदानच टाळ्या पिटत होतं. मी ओरडलो. फुटक्या भात्यातून निघावी तशी हवा निघाली. तो पोरगा मामांच्या हातभर अंतरावरून गेला आणि मामा तसेच उभे. गोल झाला. मामा वळले. त्यांनी जाळीत पडलेला बॉल पाहिला नाही, माझ्याकडे पाहिलं. मी गळ्याला हात लावला. "असू दे," म्हणाले. बाहेरून लोक बोंबलत होते, "म्हताऱ्याले घरी पाठवा!"

आम्ही हरलो. चार दिवसांनी शेटजींनी जिनिंगवर सगळ्यांना बोलावलं. तोवर माझा आवाज आला होता. त्या सकाळी घरी मी वहिनीशी चांगला खणखणीत भांडलो होतो. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "शेष्यानं आवाजच नाही देल्ला. नागपूरले घसा फोडून आला तो." शेटजी माझ्याकडे वळले. "काय रे? फायनल तोंडावर, अन् तुमाले जत्रा कायले सुचते? पुढच्या सालापासून तुमच्या वस्तीतले पोरं घेनंच बंद करतो मी."

माझं डोकं सणकलं. पण मी तोंड उघडायच्या आत मामा उभे राहिले. "नाही शेटजी. पोरानं आवाज देल्ला. मलेच आयकू नाही आला. कान गेले माहे."

"आयकू येत नाही तुले?"

"नाही."

"अन् मंग चौकीदार कायले ठेवलं मी तुले? चोर काय दिवा लावून येईन?"

सगळे हसले. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. खणखणीत आवाज गळ्यात घेऊन मी खाली बघत बसलो, आणि मामांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काहून केलं असं, मामा?"

"कान काय अन् डोया काय, आज ना उद्या कयलंच असतं लेका. पन दीक्षाभूमीले गेल्यानं मॅच हरली, असं कोनाच्या तोंडी नाही आलं पायजे. पुढच्या दसऱ्याले पोरायले कोन सोडन?" माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेच नाहीत.

वस्तीतली पोरं पुढेही संघात राहिली, मीही आणखी सात वर्षं खेळलो. मामा त्या हंगामात कापूस वेचायला जात होते, असं आसेगावचं कुणीतरी सांगत आलं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्यांना गाठायला एस.टी. स्टँडवर गेलो होतो. वळकटी पायाशी, बूट नाडीनं गाठ मारून खांद्यावर, मामा आसेगावच्या गाडीसाठी उभे होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर थांबलो. माफी मागायची होती. वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो. ते इकडे बघत नव्हते. मग लक्षात आलं, मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा आहे. "मामा, डावीकून," एवढं म्हटलं असतं तरी ते वळले असते. गाडी लागली. ते चाचपडत पायरीवर चढले. माझा घसा चांगला ठणठणीत होता, आणि मी हाक मारली नाही.